पाणी कोण आणते?



एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. घरात टीव्हीवर मालिका सुरू आहे. दादी पलंगावर बसल्या आहेत. अब्बू नुकतेच कामावरून आले आहेत. भाऊ आणि बहीण खाली चटईवर बसून मालिका पाहत आहेत. दोघांचीही उद्या परीक्षा आहे. इतक्यात भाऊ म्हणतो, "जरा पाणी आण गं." बहीण उठते. पाण्याचा माठ भावापासून चार पावलांवर आहे. ती पाणी आणते, रिकामा ग्लास परत नेऊन ठेवते आणि पुन्हा बसते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अम्मी हाक मारते, "चला, दस्तरखान घाला." हाक दोघांनाही आहे, पण उठते ती बहीणच.

आता टीव्हीकडे पाहा. मालिकेतील नायिका ऑफिसातून दमून घरी आली आहे. तिचा नवरा सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत आहे. ती पर्स ठेवते आणि चहा करायला आत जाते.

गोष्ट पुढे सरकते. चहाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाण्याकडेही जात नाही. रोज घडणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसेनाशा होतात. आज मला याच न दिसणाऱ्या गोष्टींविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

"मालिका म्हणजे करमणूक. त्यात एवढा विचार कशाला करायचा?" असे तुम्ही म्हणाल. करमणूक तर आहेच. पण करमणूक होत असताना आपण शिकतही असतो. घर कसे असते, सून कशी वागते, वडील कसे बोलतात, चांगली मुलगी कोणाला म्हणावे, हे सारे मालिका आपल्याला रोज दाखवतात. रोज पाहिलेली गोष्ट खरी वाटू लागते. म्हणून मालिकांनी स्त्री-पुरुषांच्या कामांविषयी आपल्याला काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हे आपण पाहिले पाहिजे.

आपल्या देशात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1982 मध्ये रंगीत चित्रे दिसू लागली. 7 जुलै 1984 रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. ती मनोहर श्याम जोशी यांनी लिहिली होती. एका साध्या, मध्यमवर्गीय कुटुंबाची ती कथा होती. घरात आजी-आजोबा, आई-वडील, तीन मुली आणि दोन मुलगे. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार पडद्यावर येत आणि प्रेक्षकांशी बोलत. त्या भागातून काय घ्यावे, हे ते सांगत.

या मालिकेतील आईचे नाव भागवंती. ती दिवसभर राबते. नवरा दारू पितो, तिला रागावतो. सासूही तिला बोलते. भागवंती सगळे मुकाट्याने सहन करते. तिचे हाल पाहून लोकांनी विचार करावा, घरातल्या स्त्रीला असे वागवू नये हे त्यांना कळावे, असा मालिका करणाऱ्यांचा हेतू होता. पण झाले वेगळेच. पुष्कळ प्रेक्षकांना भागवंती आवडली. "स्त्री असावी तर अशी, सोशीक!" असे त्यांना वाटले. जी गोष्ट बदलावी म्हणून दाखवली, तिचीच लोकांनी वाहवा केली.

मित्रांनो, यातून आपल्याला एक मोठी गोष्ट कळते. केवळ दुःख दाखवून रीत बदलत नाही. प्रेक्षक जुन्या नजरेने पाहत असेल, तर त्याला नव्या गोष्टीतही जुनाच धडा दिसतो. म्हणून मालिका करणाऱ्यांइतकीच जबाबदारी मालिका पाहणाऱ्यांचीही आहे. म्हणजे तुमची आणि माझीही आहे.

पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, 'रजनी' ही मालिका आली. तिचे दिग्दर्शक होते बासू चटर्जी. रजनीची भूमिका प्रिया तेंडुलकर यांनी केली होती. प्रसिद्ध मराठी नाटककार विजय तेंडुलकर यांची ही मुलगी. रजनी साधी गृहिणी होती. साडी नेसणारी, घर सांभाळणारी. पण कोठे अन्याय दिसला, की ती गप्प बसत नसे. ती सरळ जाऊन जाब विचारत असे. 'बाईने चारचौघांत आवाज चढवू नये' असे मानणाऱ्या समाजाला रजनी आवडली. घरोघरी तिचे नाव झाले. भागवंती सहन करत होती, रजनी प्रश्न विचारू लागली.

नंतर 1989 मध्ये 'उडान' ही मालिका आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. त्यांची मोठी बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य या 1973 च्या तुकडीतील आय.पी.एस. अधिकारी होत्या. त्यांच्या जीवनावरून ही कथा सुचली होती. मालिकेतील कल्याणी नावाच्या मुलीला लहानपणीच मुलगा-मुलगी हा भेद पाहावा लागतो. तिचे वडील मात्र तिच्या पाठीशी उभे राहतात. वडिलांची ही भूमिका मराठी अभिनेते विक्रम गोखले यांनी केली होती. कल्याणी कष्ट करते, परीक्षा देते आणि पोलीस अधिकारी होते. खाकी वर्दी घातलेली ती मुलगी पाहून देशातल्या कितीतरी मुलींना नवे स्वप्न पडले असेल. आणि खऱ्या जीवनात काय झाले? 2004 मध्ये कांचन चौधरी भट्टाचार्य उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. भारतातल्या एखाद्या राज्याच्या पोलीस दलाचे हे सर्वोच्च पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

तुमची मातृभाषा उर्दू आहे. म्हणून उर्दू नाटकांविषयीही बोलले पाहिजे. शेजारच्या पाकिस्तानात टीव्हीवरील मालिकेला 'ड्रामा' म्हणतात. तेथील एक थोर लेखिका होत्या हसीना मोईन. 1941 मध्ये त्यांचा जन्म आपल्याच देशात, कानपूर येथे झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले. 2021 मध्ये कराची येथे त्यांचे निधन झाले. 'अनकही' (1982), 'तन्हाइयाँ' (1985) आणि 'धूप किनारे' (1987) हे त्यांचे ड्रामे फार गाजले. त्यांच्या व्हिडिओ कॅसेट भारतातही येत असत. तुमच्या दादी-नानींना विचारून पाहा. त्यांच्यापैकी काहींनी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून हे ड्रामे पाहिले असतील. राज कपूर यांनी योजलेल्या 'हिना' (1991) या हिंदी चित्रपटाचे संवादही हसीना मोईन यांनीच लिहिले.

हसीना मोईन यांच्या मुली कशा होत्या? 'अनकही' मधली सना घर चालवण्यासाठी नोकरी शोधते. ती चुका करते, धांदल करते. पण हार मानत नाही. 'तन्हाइयाँ' मध्ये ज़ारा आणि सानिया या दोन बहिणींचे आई-वडील अपघातात जातात. वडिलांच्या कर्जामुळे राहते घरही विकले जाते. तेव्हा ज़ारा ठरवते, की आपण स्वतः कमवायचे आणि ते घर परत मिळवायचे. 'धूप किनारे' मधली ज़ोया डॉक्टर आहे. ती खोडकर आहे, मोठ्याने हसते आणि आपले मत सांगते. त्या काळात पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांचे लष्करी शासन होते. स्त्रियांवर नवी बंधने येत होती. अशा वेळी हसीना मोईन यांनी भाषण केले नाही. त्यांनी शिकलेल्या, कमावत्या आणि हसऱ्या मुली घराघरात पाठवल्या. लोकांनी त्यांना आपल्याच घरातल्या मुली मानले.

म्हणजे सीमेच्या या बाजूला आणि त्या बाजूलाही, टीव्हीच्या पडद्याने मुलीसाठी घराचे दार बाहेरच्या बाजूने उघडले. 'मुलगी शिकू शकते, कमवू शकते, अधिकारी होऊ शकते' ही गोष्ट पडद्यावर दिसली. ही लहान गोष्ट नाही. ज्या घरात पूर्वी मुलीची शाळा सातवीत थांबत होती, त्या घरातही आज तिच्या कॉलेजची चर्चा होते. हा बदल केवळ मालिकांनी केला असे नाही. शाळांनी केला, कायद्यांनी केला, शिकलेल्या आयांनी केला. पण मालिकांचाही त्यात वाटा आहे.

मग माझी तक्रार काय आहे?

माझी तक्रार ही आहे, की काम अर्धेच झाले. मुलगी घराबाहेर पडली. पण मुलगा स्वयंपाकघरात आला नाही. कल्याणी अधिकारी झाली. पण कल्याणीच्या भावाने भाकरी भाजली पाहिजे, असे कोणत्या मालिकेने ठासून सांगितले? स्त्रीच्या खांद्यावर नवे काम आले आणि जुने कामही तसेच राहिले. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी परत चूल सांभाळायची. मालिकांनी अशा स्त्रीला 'आदर्श' म्हटले आणि तिच्या कौतुकाचे संगीत वाजवले. कौतुक झाले, काम मात्र कमी झाले नाही.

हे मी मनाने सांगत नाही. 2019 मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे 24 तास कसे घालवतात, हे त्यात विचारले होते. 6 वर्षांवरील 100 स्त्रियांपैकी सुमारे 81 स्त्रिया रोज घरकाम करत होत्या. 100 पुरुषांपैकी असे पुरुष होते सुमारे 26. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या. घरकाम करणारे पुरुष देत होते 97 मिनिटे. 299 मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास! या कामाचा पगार नाही आणि त्याला रविवारही नाही.

2024 मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. 15 ते 59 वर्षे वयाच्या स्त्रियांचा घरकामाचा वेळ 2019 मध्ये 315 मिनिटे होता, तो 305 मिनिटे झाला. पाच वर्षांत दहा मिनिटे कमी झाली. दहा मिनिटांत तर एक वेळची भांडीही घासून होत नाहीत.

काही जण म्हणतील, "पण ही तर कामाची वाटणी आहे. पुरुषाने बाहेरचे पाहावे, स्त्रीने घरातले पाहावे. यात वाईट काय?" हा प्रश्न रास्त आहे. अब्बू दिवसभर यंत्रमागावर, गॅरेजमध्ये किंवा दुकानात उभे राहतात. त्यांचे कष्ट लहान नाहीत. ज्या घरात दोघांनी मिळून, राजीखुशीने अशी वाटणी केली असेल, तेथे भांडण करण्याचे कारण नाही. पण तीन गोष्टींचा विचार करा. पहिली गोष्ट, वाटणी करताना स्त्रीला कोणी विचारले होते का? दुसरी गोष्ट, स्त्रीही बाहेर जाऊन कमवू लागली, तर वाटणी नव्याने व्हायला नको का? आणि तिसरी गोष्ट तुमच्याविषयी आहे. भाऊही शाळेत जातो, बहीणही शाळेत जाते. दोघांचा अभ्यास सारखा, दोघांची परीक्षा एकच. मग भावाला पाणी आणून द्यायचे काम बहिणीचे कसे?

दुसरे काही जण म्हणतील, "स्वयंपाक हे पुरुषाचे कामच नाही. त्याला ते जमणार नाही." हे मात्र मला पटत नाही. भिवंडी, मालेगाव किंवा मुंब्रा येथील कोणत्याही शादीत जाऊन पाहा. हजार माणसांची बिर्याणी कोण शिजवतो? बावर्ची. तो पुरुषच असतो. रमजानच्या महिन्यात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर कबाब आणि मालपुवा कोण तळतो? पुरुषच. बाजारात कपडे शिवणारा दर्जी पुरुष, कपडे धुणारा धोबी पुरुष, हॉटेलात भांडी घासणारा पोऱ्याही मुलगाच. म्हणजे पुरुषाच्या हाताला ही सर्व कामे येतात. मग गंमत पाहा. ज्या कामाचे पैसे मिळतात, ते पुरुष आनंदाने करतो. तेच काम घरात, पैशांशिवाय करायचे असले, की ते 'बायकांचे काम' होते. तेव्हा अडचण हाताची नाही, लाज वाटण्याची आहे. 'लोक काय म्हणतील' याची आहे.

ही लाज घालवायला मालिका मदत करू शकतात. पण 2000 नंतर अनेक हिंदी मालिकांनी उलटीच वाट धरली. त्या वर्षी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका सुरू झाली आणि सासू-सुनांच्या मालिकांची रांगच लागली. त्यांत बऱ्याचदा चांगली सून म्हणजे सगळे सोसणारी, घराबाहेरचा विचार न करणारी. आणि स्वतःची इच्छा बोलून दाखवणारी स्त्री बहुधा खलनायिका. रजनीची मुलगी जणू पुन्हा भागवंती झाली.

चांगली उदाहरणेही आहेत. 'ज़िंदगी गुलज़ार है' हा उमेरा अहमद यांचा पाकिस्तानी ड्रामा 2014 मध्ये भारतात दाखवला गेला. त्यात तीन मुली झाल्या म्हणून नवरा बायकोला सोडून दुसरे लग्न करतो. ती आई शिक्षिका आहे. ती एकटी आपल्या मुलींना शिकवून मोठे करते. मराठीत 2019 मध्ये 'अग्गबाई सासूबाई' ही मालिका आली. आयुष्यभर घरच्यांच्या तालावर राबलेल्या सासूचे दुसरे लग्न तिची सूनच लावून देते. आणि ज्याच्याशी लग्न होते, तो पुरुष व्यवसायाने आचारी आहे! पुरुष कढई हातात घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे लाखो घरांनी पाहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'आई कुठे काय करते!' ही मालिका सुरू झाली. ती 2024 पर्यंत चालली. तिचे नावच पाहा. हे वाक्य आपण किती सहज बोलतो! "तुझी अम्मी काय करते?" असे कोणी विचारले, तर आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते." पहाटे सर्वांच्या आधी उठणारी आणि रात्री सर्वांच्या नंतर झोपणारी अम्मी 'काही करत नाही'! मालिकेतील अरुंधती अशीच आहे. पंचवीस वर्षे घरासाठी झिजल्यावर तिला कळते, की तिच्या कामाची घरात कोणी मोजदादच केलेली नाही. मग ती स्वतःच्या पायावर उभी राहते, आपले गाणे पुन्हा शोधते. मालिका पाहून अनेक जण अरुंधतीसाठी रडले असतील. पण डोळे पुसून झाल्यावर त्यांच्यापैकी किती जणांनी स्वतःचे ताट उचलले?

मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. मालिका प्रश्न विचारू शकते. उत्तर मात्र टीव्ही बंद केल्यानंतर, आपल्याच घरात द्यावे लागते.

म्हणून तुम्हांला एक काम सांगतो. ते अवघड नाही. एका वहीच्या पानावर मध्ये रेघ ओढा. एका बाजूला 'पडद्यावर' असे लिहा, दुसऱ्या बाजूला 'आमच्या घरी' असे लिहा. आठवडाभर तुमची आवडती मालिका पाहताना नोंद करा. चहा कोणी केला? पाणी कोणी आणले? आजारी माणसाजवळ कोण बसले? शेवटी कोण जेवले? पैशांचा निर्णय कोणी घेतला? मग हेच प्रश्न आपल्या घराला विचारा आणि खरी उत्तरे लिहा. कोणाला नावे ठेवण्यासाठी हे करू नका. अम्मी-अब्बूंशी वाद घालण्यासाठीही करू नका. फक्त पाहण्यासाठी करा. जे दिसत नव्हते, ते दिसू लागेल.

मुलींनो, तुम्हांला एक सांगतो. घरात मदत करणे वाईट नाही. भाकरी करता येणे हा गुण आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचे पुस्तक बंद आणि भावाचे उघडे असेल, तर ते न्यायाचे नाही. हे नम्रपणे, पण स्पष्टपणे अम्मी-अब्बूंना सांगायला शिका.

मुलांनो, तुम्हांलाही सांगतो. शिकून परगावी नोकरीला जाल, तेव्हा पोळी आपोआप ताटात येणार नाही. त्या दिवशी शिकण्यापेक्षा आजच शिका. चहा करा, आपले ताट धुवा, आपला गणवेश आपणच धुवून वाळत घाला. मित्रांनी पाहिले तर पाहू द्या. कदाचित उद्या तेही करतील.

आणि आज रात्री, मालिका ऐन रंगात आलेली असताना तुम्हांला तहान लागेल. बहीण शेजारीच बसलेली असेल. तेव्हा हाक मारण्याआधी क्षणभर थांबा. माठ चार पावलांवर आहे. स्वतः उठा, पाणी प्या आणि येताना बहिणीसाठीही एक ग्लास भरून आणा.